खुब्याचा सांधा आणि चांदकड्याच्या पायऱ्या यांची हकीकत

श्री. ज्याने मातीच्या देहास सांधे दिले, सांध्यांस वंगण दिले आणि उभे राहून चालण्याची बुद्धी दिली, त्यास दंडवत घालून, आणि ज्यांचे पाय चालते आहेत व ज्यांचे नाहीत त्या उभयतां श्रोत्यांस रामराम करून लिहिण्यास आरंभ करितो. धाकटे महाराज, जे थोरल्या बाईसाहेबांचे दत्तक पुत्र, यांची आज्ञा जाहली की, बाईसाहेबांच्या खुब्याचे वर्तमान आरंभापासून लिहून दफ्तरी ठेवावे, पाहिले व पुसिले तेवढेच लिहावे, पदरचे घालू नये. त्यावरून बाईसाहेबांचे पत्रव्यवहाराचे कामी चौदा वर्षे असलेल्या कारकुनाने, आपले नाव न घालता, जैसे घडले तैसे लिहिले आहे.

शके १८०४, चित्रभानु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी या राज्याचा कारभार गोजराबाईसाहेब आपले हाते करीत. थोरल्या महाराजांस कैलासवासी होऊन सहा वर्षे लोटली होती, बाईसाहेबांचे वय अडतीस, आणि सरहद्दीची ठाणी स्वतः घोडीवर बसून पाहावी, शिपायाची भाकर शिपायाबरोबर जमिनीवर बसून खावी, ऐसी त्यांची चाल होती. एके दिवशी नदीच्या उतारात शेवाळावरून घोडी घसरली, आणि बाईसाहेब डावे अंगावर पडल्या, आणि घोडीचा भार वरी आला. उचलू गेले तो डावा पाय बाहेरचे बाजूस फिरलेला, आणि हात लावू देईनात. हाडवैद्य आले, त्यांनी कामट्या बांधिल्या, लेप घातला, तीन महिने हलू नये म्हणोन सांगितले. बाईसाहेब तीन महिने हलल्या नाहीत. मग कामट्या सोडिल्या तो मांडीचे हाड खुब्याशी जुळलेच नव्हते, पाय चार अंगुळे आखूड जाहला होता, आणि पाऊल टेकिताच डोळ्यांसमोर अंधारी येत असे. तेव्हांपासून पालखी जाहली. पालखीतून ठाणी पाहिली, पालखीतून न्याय केला, आणि दरबारी लोकांस वाटले की चालले आहे ते बरेच चालले आहे. परंतु बाईसाहेबांचे मनात एकच होते, ते चांदकड्याचे.

चांदकडा म्हणजे राजवाड्याच्या गच्चीवरून उत्तरेस दिसतो तो गड. त्या गडावर बाईसाहेबांची वडील बहीण मथुराबाई राहात. माता लहानपणी निवर्तली, तेव्हां सात वर्षांनी वडील असलेल्या या बहिणीनेच गोजराबाईंस कडेवर वाढविले, बोट धरून चालविले, आणि दोघींमध्ये बोलावयाचे नाव अक्का आणि गोजी ऐसे होते. पुढे अक्कांस दम्याचा विकार जडला. खालच्या दमट हवेत श्वास कोंडून ओठ निळे पडत, गडावरच्या कोरड्या वाऱ्यात मात्र जीव तग धरी, म्हणोन त्या वर जाऊन राहिल्या आणि उतरल्या म्हणून नाहीत. बाईसाहेब पाय धड होता तोवर महिन्यातून एक वेळ चढून जात. आता जावे कैसे? पालखी गडाच्या माचीपर्यंत जाते. पुढे कातळात खोदलेल्या तीनशे चाळीस पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांच्या मध्यावर दोन कड्यांमधली खिंड ऐसी अरुंद की एक मनुष्य, तोही आडवा होऊन, निघतो. शके १८०६, तारण संवत्सरी, बाईसाहेबांनी हट्ट धरिला, आणि एका धिप्पाड शिपायाने त्यांस पाठीशी बांधून पायऱ्या चढावयास आरंभ केला. दर पायरीस हाडावर हाड घासे. बाईसाहेबांनी पदराचा बोळा दातांत धरिला होता. खिंडीपाशी आले तो पाठीवरचे मनुष्य घेऊन शिपाई निघेना, मागे घेऊन, कलते करून, नाना प्रकारे पाहिले, आणि त्यात बाईसाहेबांस मूर्च्छा आली. शुद्धीवर आल्या तेव्हां त्या माचीवर होत्या, आणि वरून अक्कांची हाक येत होती, "गोजे, परत जा! माझी शपथ आहे, परत जा!" हाक ऐकू आली, मनुष्य दिसले नाही. 

मग पत्रे राहिली. पत्रे नेणारा सटवोजी जासूद. तो सकाळी खालची भाकर बांधून निघे आणि दिवस मावळावयाचे आत अक्कांचा जबाब घेऊन परत येई, ऐसी त्याची धाव. अक्का लिहीत, ते आम्ही वाचून दाखवीत असू. एका पत्री ऐसा मजकूर होता, "येथे घेवड्यास शेंगा आल्या आहेत. धुके दोन प्रहरपर्यंत उठत नाही. काल तुझा निळा खण सापडला, उंदरांनी एक कोपरा खाल्ला, बाकी चांगला आहे. तू येशील म्हणून ठेवीत होते, आता उशाशी घेते." बाईसाहेबांनी हे पत्र तीन वेळां वाचवून घेतले, आणि मग म्हणाल्या, "लिहा. लिहा की मी येणार आहे." आम्ही पुसिले, "केव्हां म्हणून लिहावे?" तेव्हां बोलल्या, "तारीख घालू नका."

शके १८०८, व्यय संवत्सरी, शेख मीरन नामे जर्राह राज्यात आला. शस्त्राने फोड कापावे, तुटके हाड जोडावे, हा त्याचा घरचा धंदा, आणि त्यावर तो बंदरी एका जहाजाच्या डॉक्टराजवळ बारा वर्षे राहून भूल देण्याचे औषध व जखम कुजू न देणारा जळजळीत अर्क, यांची विद्या शिकला होता. मनुष्य बोलका नव्हे, हात मात्र स्थिर. बाईसाहेबांनी बोलावून पाय दाखविला. त्याने बैलाच्या खुब्याचे हाड आणविले, आणि गोळा उखळीत कैसा फिरतो ते फिरवून दाखविले, आणि म्हणाला, "बाईसाहेब, आपल्या उखळीतला गोळा मेला आहे. तो जिवंत होणे नाही. नवा घालावा लागेल." बाईसाहेबांनी विचारिले, "कोणी घातला आहे?" तो म्हणाला, "घातल्याचे ऐकले आहे. टिकल्याचे ऐकले नाही." हे उत्तर बाईसाहेबांस आवडले, आणि त्यांनी त्यास राजवाड्यामागे जागा दिली. त्याने वर्षभर शेळ्यांवर आणि लंगड्या कुत्र्यांवर हात बसविला, कोणती वस्तू देहात घातली असता देह ती सोसतो आणि कोणती सोसत नाही याचे टिपण ठेविले.

इतक्यात ऐसे जाहले की सटवोजी जासूद लंगडू लागला. जो मनुष्य वाऱ्यासारखा जाई तो काठी घेऊन जाऊ लागला, मग दोन दिवसांनी परतू लागला, मग माचीवरच बसून राहिला. मीरनने पाहून सांगितले की याही खुब्यातले हाड आतून मेले आहे. दुसरा जासूद नेमिला, परंतु सटवोजीचे तोंड उतरले ते उतरलेच. एके दिवशी तो आपण होऊन बाईसाहेबांपुढे आला, आणि म्हणाला, "आईसाहेब, जर्राहास सांगा, पहिला गोळा माझ्यात घाल." बाईसाहेब म्हणाल्या, "सटवोजी, तू माझ्यासाठी म्हणत असशील तर मी परवानगी देणार नाही. माझ्या पायासाठी तुझा देह नासावयाचा नाही." तो म्हणाला, "आपल्यासाठी निम्मे. निम्मे माझ्यासाठी. मला सपनात रस्ता दिसतो, आईसाहेब. जागा झालो की खाट दिसते." तेव्हां बाईसाहेबांनी होकाराची मान हालविली.

शके १८०९, सर्वजित संवत्सरी, मीरनने हस्तिदंताचा गोळा घडवून सटवोजीच्या खुब्यात बसविला. दोन महिन्यांत तो काठीवाचून चालला, आणि दरबारी लोकांनी साखर वाटिली. परंतु दहावे महिन्यात पुन्हा दुखू लागले, खुब्याभोवती सूज आली. मीरनने पुन्हा उघडून पाहिले तो दंताचा गोळा खरवडल्यासारखा जाहला होता आणि त्याच्या भुकटीने सभोवतीचे हाड पोखरले होते. गोळा काढून घेतला, आणि तोच रक्ताळलेला रुमालात घेऊन मीरन दरबारी आला, आणि सर्वांसमक्ष म्हणाला, "चूक माझी. गोळा मोठा केला, म्हणून घासला. वस्तू चुकीची घेतली, म्हणून झिजली. शिक्षा द्यावी." कारभारी म्हणाले, यास सरहद्दीपार करावे. बाईसाहेबांनी सटवोजीस पुसविले. तो खाटेवरून बोलिला, "दहा महिने चाललो ना? त्यांस म्हणावे, जाऊ नका. आता त्यांस ठाऊक झाले आहे काय करू नये ते."

मग मीरनने तलवारीस धार लावणाऱ्या शिकलगारास हाताशी घेतले. उत्तम पोलादाचा गोळा, पहिल्याहून निम्म्याने लहान, आरशासारखा घोटून घेतला, आणि त्याची वाटीही पोलादाचीच, दोहोंमध्ये केस शिरेल इतकीही जागा नाही ऐसी केली, आणि हाडाशी जुळवावयास एक लेप सिद्ध केला, जो घोटताना लोण्यासारखा आणि घटका भरात दगडासारखा होई. या खटपटीत दीड वर्ष गेले, आणि सटवोजी तितके दिवस खाटेवर होता. शके १८११, विरोधी संवत्सरी, तो नवा सांधा त्यास बसविला. सहा महिन्यांनी सटवोजी माचीपर्यंत चालत गेला आणि चालत आला. बाईसाहेबांनी गच्चीवरून त्यास येताना पाहिले, आणि तत्क्षणी मीरनास बोलावून म्हणाल्या, "उद्या माझा." मीरन म्हणाला, "नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "मी हुकूम करिते." तो म्हणाला, "दंताचाही सहा महिने चांगला होता, बाईसाहेब. पाच वर्षे सटवोजी चालू दे. आपला पाय आखूड, हाड जुने मेलेले, काम दुप्पट अवघड. एकदाच करता येईल. मला खात्री पाहिजे." बाईसाहेब संतापल्या, हातातला पानाचा डबा भिंतीवर मारिला. आणि म्हणाल्या, "पाच वर्षे अक्का राहील काय, ते तुझ्या टिपणात आहे काय?" मीरनने खाली पाहिले, परंतु शस्त्र घ्यावयास कबूल जाहला नाही.

ती वर्षे कैसी गेली ते लिहिता येत नाही. दर आठवड्यास सटवोजीस अंगणात चालवून पाहावे, मीरनने कान लावून सांध्याचा आवाज ऐकावा, बाईसाहेबांनी मीरनच्या तोंडाकडे पाहावे, ऐसे चालले. गच्चीवर त्यांची पालखी उत्तरेकडे तोंड करून ठेवीत. हवा स्वच्छ असली म्हणजे गडावरच्या घराचे कौल दिसे, आणि कोणी वाळत घातलेले लुगडे दिसे, आणि बाईसाहेब म्हणत, "आज हिरवे आहे. म्हणजे अंघोळ केली. बरी आहे." धुके असले म्हणजे ते उठेपर्यंत पालखी हलवू देत नसत. एक वेळ सटवोजी जवळ उभा होता, त्यास म्हणाल्या, "तू आता चालतोस. समाधान आहे ना?" तो म्हणाला, "आहे, आईसाहेब. चालतो. पण मीरनमियांनी धावू नको म्हटले आहे. नवा जासूद निघतो, तेव्हां मी घरात जाऊन बसतो." त्या दिवसापासून नवा जासूद मागल्या दिंडीने निघू लागला.

शके १८१५, विजय संवत्सर, भाद्रपद मास. गडावरून पत्र आले ते दुसऱ्याच हातचे. गडाच्या पुजाऱ्याने लिहिले होते की, बाईसाहेबांच्या अक्कांस आता लेखणी धरवत नाही, हात कापतो, सांगतात ते मी लिहितो, आणि सांगणे इतकेच की घेवडा चांगला आला आहे. बाईसाहेबांनी पत्र मीरनापुढे ठेविले आणि हुकूम केला नाही. म्हणाल्या, "मीरनमियां, चार वर्षे झाली. एक राहिले आहे. तूच सांग." मीरन पत्राकडे पाहात राहिला. मग म्हणाला, "चार वर्षांत काय होते ते मला ठाऊक आहे. पाचव्यात काय होईल ते ठाऊक नाही. आपल्या देहात कदाचित दहा वर्षे टिकेल, कदाचित दोन. आणि तापाने मरणही येईल. इतके ऐकून आपण सांगाल ते करीन." बाईसाहेब म्हणाल्या, "दोन पुष्कळ आहेत."

आश्विन शुद्ध त्रयोदशीस सकाळच्या उजेडात शस्त्रक्रिया जाहली. खोली अर्काने धुविली होती, त्या वासाने बाहेर बसलेल्यांचे डोळे चुरचुरत होते. सटवोजी उंबऱ्याशी बसला होता आणि दोन्ही हातांनी आपलाच खुबा धरून होता. साडेतीन तासांनी मीरन बाहेर आला, भिंतीस टेकून उभा राहिला, आणि म्हणाला, "पाय तीन अंगुळे खाली आणिला. एक अंगूळ राहिले." पुढे चार दिवस ताप होता, पाचवे दिवशी उतरला. सातवे दिवशी बाईसाहेबांस उभे केले. अकरा वर्षांत पहिल्याने डावी टाच जमिनीस लागली. दाई म्हणते की त्यांनी पायाचा अंगठा जमिनीवर दोन तीन वेळां दाबून पाहिला, जैसे पीठ भिजले की नाही ते पाहावे.

चालावयास शिकविले ते सटवोजीने. मीरन म्हणाला, हाडाचे मला कळते, चालण्याचे यास कळते. राज्याची धनीण आणि राज्याचा जासूद रोज प्रातःकाळी अंगणात चालत, आणि तो बेधडक बोले, "आईसाहेब, खाली बघू नका. जमीन कुठे जात नाही." आणि, "भार टाका. पोलादच आहे ते, लाजू नका त्यास." आणि बाईसाहेब घामाघूम होऊन म्हणत, "पुरे, सटवोजी." आणि तो म्हणे, "भिंतीपर्यंत." मीरनने मात्र तीन गोष्टी मना केल्या. मांडी घालून बसू नये, उकिडवे बसू नये, जमिनीवरून काही वाकून उचलू नये, नाहीतर गोळा वाटीतून निसटेल. ज्या बाईसाहेब शिपायांच्या रांगेत जमिनीवर जेवत, त्या उंच चौरंगावर एकट्या जेवू लागल्या.

माघ शुद्ध दशमीस बाईसाहेब चांदकड्याच्या माचीवर पालखीतून उतरल्या, आणि सटवोजी पुढे, मीरन मागे, त्यामागे आम्ही, ऐशा पायऱ्या चढू लागल्या. दर दहा पायऱ्यांस विश्रांती. खिंडीपाशी त्यांनी पाठ कड्यास लाविली, पोटात श्वास ओढिला, आणि एक पाऊल, मग आणिक एक, ऐशा आडव्या चालून पलीकडे निघाल्या. वर गेल्या तो अक्का अंगणात उन्हात खाटेवर होत्या. देह मुठीएवढा राहिला होता, श्वासाचा आवाज दारापर्यंत येत होता. पावलांचा आवाज ऐकून म्हणाल्या, "कोण आहे? पुजारीबुवा?" बाईसाहेब म्हणाल्या, "मी आहे, अक्का." अक्कांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. रडतील म्हणून आम्ही सर्व मागे सरलो. परंतु त्या म्हणाल्या, "तिथेच थांब. चालून दाखव." बाईसाहेब तुळशीपासून गोठ्यापर्यंत चालल्या. अक्का म्हणाल्या, "पुन्हा. डावा पाय ओढतेस." बाईसाहेब पुन्हा चालल्या. तिसऱ्या वेळी अक्कांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "ये. मांडीवर डोके ठेव." आणि बाईसाहेब खाटेपाशी उभ्याच राहिल्या, म्हणाल्या, "अक्का, खाली बसता येत नाही. मना आहे."  मग अक्का खाटेच्या कडेस सरकल्या, मोठ्या कष्टाने सरकल्या, आणि तितक्या चिंचोळ्या जागेत बाईसाहेब त्यांच्याशेजारी आडव्या जाहल्या. मीरनने तोंड फिरविले. आम्ही माचीवर उतरून आलो.

बाईसाहेब नऊ दिवस राहिल्या आणि राज्यकारणासाठी उतरल्या. पुढील दीड वर्षात आणिक पाच वेळां चढल्या. दर खेपेस उतरताना खिंडीपाशी थांबून वर पाहात, आणि दर खेपेस थांबणे लांबत गेले. शके १८१७, मन्मथ संवत्सरी, अकरावे वर्षी दत्तक घेतलेले धाकटे महाराज वीस वर्षांचे जाहले, तेव्हां बाईसाहेबांनी शिक्के कट्यार त्यांचे स्वाधीन केली आणि सांगितले की, आता मी वर राहावयास जाते. महाराज पाया पडून म्हणाले, "मासाहेब, आम्ही काय चुकलो?" त्या म्हणाल्या, "काही नाही. तुला आई इथे नऊ वर्षे होती. वर अक्कास बहीण नव्हती." मीरन म्हणाला, "बाईसाहेब, सांधा वर असता ढिला जाहला तर आपणांस खाली आणिता यावयाचे नाही. खिंडीतून मनुष्य उचलून निघत नाही. मी म्हातारा जाहलो, माझ्याने शस्त्रे घेऊन चढवणार नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "ठाऊक आहे." आणि त्याच्या दोन्ही हातांस आपले कपाळ लाविले. दरबारात ऐसे पूर्वी जाहले नव्हते. मग त्या चालत गेल्या.

तेव्हांपासून गच्चीवर मीरन उभा राहू लागला. दर पत्री तो आमचे हाते पुसवी, सांधा कैसा आहे, आवाज येतो काय, दुखते काय. वरून उत्तर येई त्यात धुके असे, घेवडा असे, अक्कांचा श्वास असे, सांध्याचे एक अक्षर नसे. मीरन पत्र उलटून पालटून पाही आणि म्हणे, "राहिले असेल लिहावयाचे." ऐसे अकरा महिने गेले. मग ज्येष्ठ मासी बाईसाहेबांच्या स्वहस्ते लिहिलेले पत्र त्याच्याच नावे आले, ते येणेप्रमाणे: "मीरनमियां यांस आशीर्वाद. अक्कास आता आपले पायी उभे राहवत नाही. काल तिला सूर्य मावळताना पाहावयाचा होता, म्हणून माझ्या डाव्या अंगास घेतले, तिने सारा भार मजवर टाकिला, आणि आम्ही दोघी बुरुजापर्यंत गेलो आणि परत आलो. दोघींचा भार त्याने वाहिला. दुखले नाही. हे तुम्हांस कळावे म्हणून लिहिले." मीरनने पत्र घडी करून पागोट्यात खोविले, आणि त्या दिवशी कोणास तपासले नाही.

एवंच, सदरहू विद्येने आजपावेतो या राज्यी एक्केचाळीस असामी चालते जाहले, सहा जाहले नाहीत, दोघे तापाने वारले, त्यांची नावे निराळ्या यादीत आहेत. सटवोजीचा सांधा शाबूत आहे. मीरनचे शिष्य उकिडवे बसता येईल ऐसा सांधा घडवू पाहतात, अद्याप साधला नाही. बाईसाहेब व अक्का उभयतां गडावर आहेत. हवा स्वच्छ असली म्हणजे येथून दोन लुगडी वाळत घातलेली दिसतात. लेखनसीमा.